‘इम्युनिटी’ वाढवून गाजरगवताची अ‍ॅलर्जी जात नाही

पोस्ट मोठी आहे, पण पावसाळा तोंडावर आहे म्हणून आताच लिहितोय. ऑगस्टमध्ये लिहून काही उपयोग नसतो. का, ते पुढे येईलच.

दरवर्षी पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की आपल्याकडे दवाखान्यांत एका तक्रारीची गर्दी वाढते. चेहरा लाल झालाय, पापण्या सुजल्यात, मानेला आणि कोपराच्या खोबणीत खाज सुटलीय, रात्रभर झोप नाही. यातले बरेचसे लोक शेतात राबणारे, खुरपणीला जाणाऱ्या बायका, नगरपालिकेचे कंत्राटी सफाई कामगार, गुरं राखणारे. घरचे आणि शेजारचे काय म्हणतात? ‘अंगातली उष्णता बाहेर पडली.’ ‘रक्त बिघडलंय.’ आणि करोनानंतर यात एका नव्या वाक्याची भर पडली: ‘तुझी इम्युनिटी कमी झालीय.’ मग काढे, पावडरी, ‘इम्युनिटी बूस्टर’च्या बाटल्या. दोन-तीन दिवसांची मजुरी त्यात जाते आणि खाज तिथंच.

माझं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच लोकांची प्रतिकारशक्ती कमी झालेली नसते. ती नको त्या गोष्टीवर तुटून पडलेली असते. आणि ती नको ती गोष्ट, म्हणजे गाजरगवत, आपण सगळ्यांनी मिळून गावभर वाढू दिलेली असते. आजार एकाच्या अंगावर दिसतो, पण त्याचं कारण सार्वजनिक जागेत उभं असतं.

आधी शरीरात काय होतं ते समजून घेऊ. ते कळलं की निम्मे गैरसमज आपोआप गळतात.

आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेचं काम ओळखण्याचं आणि लक्षात ठेवण्याचं. जंतू एकदा येऊन गेला की ती त्याची ओळख ठेवते आणि पुढच्या वेळी लवकर धावून जाते. लस याच तत्त्वावर चालते. पण हीच यंत्रणा कधी कधी निरुपद्रवी गोष्टीलाही शत्रू समजून तिची ओळख पक्की करते. मग ती गोष्ट दिसली रे दिसली की फौज बाहेर. नुकसान त्या गोष्टीमुळे कमी आणि आपल्याच फौजेमुळे जास्त होतं. याला अ‍ॅलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली दिला. पुढे १९६३ मध्ये जेल आणि कूम्ब्स या दोघांनी अशा अतिप्रतिक्रियांचे चार प्रकार पाडले. आपल्याला त्यातले दोन नीट कळले तरी पुरे.

पहिला प्रकार झटपट. परागकण नाकात गेले, दोन-चार मिनिटांत शिंका, डोळ्यांना पाणी, कुणाला दमा. इथे ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं काम करतात. ती मास्ट पेशींवर आधीच बसलेली असतात. परागकण आले की या पेशी फुटल्यासारख्या मोकळ्या होतात आणि हिस्टामिन बाहेर पडतं. म्हणून हिस्टामिन रोखणाऱ्या गोळीने, म्हणजे आपल्या ओळखीच्या सेट्रिझिनने, आराम पडतो.

दुसरा प्रकार उशिराचा. जेल-कूम्ब्सच्या यादीत हा चौथा. इथे प्रतिपिंडं नाहीत, टी-पेशी आहेत. गाजरगवतात ‘पार्थेनिन’ नावाचं रसायन असतं. त्याचा रेणू इतका लहान की एकट्याने तो यंत्रणेच्या नजरेतही येत नाही. पण त्वचेत शिरून तो आपल्याच प्रथिनांना चिकटतो. त्वचेतल्या पहारेकरी पेशी हे बिघडलेलं प्रथिन उचलून जवळच्या लसिका ग्रंथींत नेतात आणि तिथे टी-पेशींना दाखवतात. त्यातून या रसायनाला ओळखणाऱ्या टी-पेशींची तुकडी तयार होते आणि ती वर्षानुवर्षं टिकते. पुढच्या वेळी गवताचा स्पर्श झाला की ही तुकडी त्वचेकडे निघते. पोचून दाह सुरू करायला तिला एक ते तीन दिवस लागतात.

हे ओळखीचं वाटत नसेल तर टीबीची हातावरची सुई आठवा. सुई आज टोचतात आणि फुगवटा दोन-तीन दिवसांनी येऊन दाखवायला सांगतात. तोही हाच उशिराचा प्रकार. अ‍ॅलर्जी हा शब्द देणाऱ्या पिर्केनेच १९०७ मध्ये टीबीची त्वचेवरची चाचणी आणली होती. म्हणजे जी यंत्रणा क्षयाच्या जंतूला धरून ठेवते, तीच गाजरगवताच्या एका रेणूवरही उठते. ती कमजोर असती तर ही प्रतिक्रिया इतक्या जोरात आली असती का?

या उशिरामुळेच सगळा घोळ होतो. सोमवारी बांधावरचं गवत उपटलं, बुधवारी चेहरा सुजला. माणूस मंगळवारी रात्री काय खाल्लं ते आठवत बसतो. वांगं बंद, अंडी बंद, शेंगदाणे बंद. सोमवारचं गवत कुणाच्या डोक्यातच येत नाही. शिवाय गवताला हात न लावताही त्रास होतो. त्याच्या खोडापानांवरची बारीक लव आणि वाळलेला चुरा हवेतून उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. म्हणून पुरळ चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या आतल्या बाजूला दिसतं आणि झाकलेलं अंग बऱ्याचदा वाचतं. काहींचा त्रास पुढे उन्हानेही वाढायला लागतो. वर्षानुवर्षं चाललं तर चेहऱ्याची त्वचा जाड आणि काळपट होते. बघणाऱ्यांना भलताच संशय येतो, लोक जवळ बसेनासे होतात. म्हणून ठळकपणे सांगतो: हे पुरळ संसर्गजन्य नाही. एकाचं दुसऱ्याला होत नाही.

‘पण मी तर वीस वर्षं हेच गवत उपटतोय, आत्ताच कसं झालं?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं की टी-पेशींची ती तुकडी कधी तयार होईल याला वेळापत्रक नाही. कुणाची काही आठवड्यांत होते, कुणाची पंधरा वर्षांनी, अनेकांची कधीच नाही. संपर्क जितका जास्त आणि जितका वारंवार, तितकी शक्यता जास्त. म्हणजे गावाची स्वच्छता करणाऱ्या माणसालाच या आजाराचा धोका सगळ्यात मोठा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता औषधांचं बघा. या प्रकारात हिस्टामिन हा मुख्य खेळाडूच नाही. त्यामुळे सेट्रिझिनने झोप येते, खाज थोडी दबते, पण दाह हटत नाही. दाह हटवायला त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइडचं मलम देतात. जुनाट आणि तीव्र रुग्णांना अझाथायोप्रिनसारखी औषधं रक्ताच्या तपासण्या करत देतात. या औषधांचं काम काय? प्रतिकार यंत्रणेला खाली बसवणं. म्हणजे डॉक्टर जी यंत्रणा दाबताहेत, तीच ‘वाढवायला’ घरचे बाटली आणताहेत. एका पायाने ब्रेक, दुसऱ्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर. बाटलीत तेवढी ताकद नसते हे आपलं नशीब म्हणायचं.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेलं जोरदार स्टेरॉइडचं मलम महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोळणं, किंवा ‘लगेच फरक पडेल’ अशा इंजेक्शनच्या मागे लागणं. फरक पडतो, खोटं नाही. पण मलमाने त्वचा पातळ होते. स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन देखरेखीशिवाय चालू राहिलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. आणि दाराबाहेरचं गवत तसंच असेल तर औषध थांबताच पुरळ परत येतं. या आजारात गवताशी संपर्क तोडणं हाच उपचाराचा पाया आहे.

इथून पुढे विषय दवाखान्याच्या बाहेर जातो, कारण संपर्क तोडणं हे एकट्या माणसाच्या हातात नाही.

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेला माणूस शेंगदाणे टाळू शकतो. गाजरगवत कसं टाळणार? ते एसटी स्टँडमागे आहे, शाळेच्या कुंपणाला आहे, कॅनॉलच्या कडेला आहे, रेल्वे रुळालगत आहे. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेल्या आणि मालकाने पाच वर्षांत तोंड न दाखवलेल्या प्रत्येक प्लॉटवर तर आहेच आहे. ज्याच्याकडे काचा बंद करायला गाडी आहे तो थोडाफार वाचतो. जिला रोज चारशे रुपयांसाठी त्याच बांधावर बसून खुरपायचं आहे, तिला ‘संपर्क टाळा’ हा सल्ला देणं म्हणजे ‘काम सोडा’ असं सांगणं.

या गवताचं आणि महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. स्वतंत्र भारतात ते ठळकपणे नजरेत आलं ते १९५५ मध्ये, पुण्यात, कचऱ्याच्या ढिगावर. पुढे ते देशभर पसरलं. साठ-सत्तरच्या दशकांत पुण्यातल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी यामुळे होणाऱ्या त्वचादाहाची नोंद केली. म्हणजे जिथे रोप पहिल्यांदा डोळ्यांत भरलं, तिथेच आजारही पहिल्यांदा ओळखला गेला. हे ज्ञान आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुनं आहे. तरीही आजचा रुग्ण वांगं बंद करून बसतो.

नावावरून मात्र आपण छान भांडतो. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटक चांदणी, कुणी गाजरगवत. अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून ते आलं, ही गोष्ट प्रत्येकाला पाठ. पण तो करार १९५६ च्या ऑगस्टमधला आणि पुण्यातली नोंद १९५५ ची. अमेरिकेचा गहू त्याच्या आधीही, १९५१ च्या कर्जातून, आपल्याकडे आला होता. कुठल्या पोत्यातून आलं आणि कुठल्या पक्षाच्या नावाने ओळखायचं, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद घालू. पण सत्तर वर्षांत सगळ्याच पक्षांच्या नगरपालिका, पंचायती आणि सरकारं येऊन गेली आणि गवत सगळ्यांच्या काळात तितक्याच निवांतपणे फुललं.

आता कामाचं बोलू. तणविज्ञानाचं जबलपूरचं केंद्र दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागरूकता सप्ताह भरवतं. देशपातळीवर लोकांना माहिती देण्यासाठी ते योग्यच आहे. पण आपल्याकडे गवत जूनच्या पहिल्या पावसात उगवतं आणि साधारण महिना-दीड महिन्यात फुलायला लागतं. म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर आपण उपटायला जातो तेव्हा ते फुललेलं असतं, काही ठिकाणी बी झडायलाही लागलेलं असतं. एका चांगल्या वाढलेल्या रोपाला दहा हजारांच्या वर बी येतं आणि ते मातीत काही वर्षं टिकतं. फुललेलं रोप उपटणं, हलवणं, ट्रॉलीत टाकणं म्हणजे बी आणि पराग दोन्ही गावभर वाटणं. या परागाने पहिल्या प्रकारची, शिंकांची अ‍ॅलर्जीही होते. बरं, त्या मोहिमांचे फोटो आठवा. पांढरे कपडे, हसरे चेहरे आणि प्रत्येकाच्या उघड्या हातात फुललेल्या गवताची जुडी! शाळेतल्या पोरांच्याही हातात तीच. ही जागरूकता नाही, हा संपर्क वाढवण्याचा कार्यक्रम आहे.

आणि फोटो संपल्यावर उरलेलं काम कोण करतं? तेच कंत्राटी कामगार. हातमोजे नाहीत, मास्क नाही, पायात चप्पल. वर लिहिलेलं वाक्य इथे आठवा.

‘कितीही काढा, परत येतंच’ असं म्हणणारे भेटतात. ते चुकीचं बोलत नाहीत. मातीत बी आहे तोवर गवत येणार. पण फुलायच्या आधी काढलं तर नवं बी मातीत पडत नाही, आणि सलग काही वर्षं हे केलं की उगवण कमी होते. फुलल्यावर काढलं तर दरवर्षी शून्यापासून सुरुवात. तेच मजूर, तेच दिवस, फक्त महिना बदलायचा आहे. ‘तणनाशक मारलं की संपलं’ असंही म्हणतात. पण वाळून गेलेल्या गवतातलं पार्थेनिन लगेच नाहीसं होत नाही. उभं वाळलेलं गवत चुरा होऊन उडतं आणि अ‍ॅलर्जीवाल्याला त्रास देतच राहतं. म्हणून फवारणी केली तरी वाळलेलं गवत ओलसर करून, अंग झाकून उचलायला हवंच.

मेक्सिकन भुंग्याचंही सांगतो. हा भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोतून बेंगळुरूला आणला, पुढच्या वर्षी शेतात सोडला. तो पावसाळ्यात या गवताची पानं फस्त करतो, हिवाळ्यात मातीत झोपून राहतो. सूर्यफुलावर तो दिसल्यावर मोठा वादही झाला होता. भुंगा मदतीला चांगला. पण तो जोरात येईपर्यंत पहिलं पीक फुललेलं असतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर मुकादमाला सुट्टी देता येत नाही.

तर आपल्या नगरपालिकेकडे आणि आसपासच्या ग्रामपंचायतींकडे माझ्या मागण्या या:

१. गाजरगवत काढण्याची मोहीम ऑगस्टमध्ये नको. पहिला चांगला पाऊस झाल्यापासून तीन-चार आठवड्यांच्या आत, फुलं दिसायच्या आधी, ओल्या मातीतून मुळासकट. दुसरी फेरी महिन्याभराने. निविदा निघता निघता दिवाळी येते, त्यामुळे कागदपत्रं मे महिन्यातच पूर्ण करा.

२. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट. काम संपल्यावर साबण-पाण्याची सोय. हा खर्च कंत्राटाच्या रकमेत वेगळा दाखवा आणि वस्तू खरोखर मिळाल्या का ते कामाच्या जागी जाऊन बघा.

३. ज्याला आधीच हा त्रास आहे त्याला या कामावर पाठवू नका. दुसरं काम द्या, त्याची रोजी कापू नका. नाहीतर लोक आजार लपवतील.

४. विद्यार्थ्यांना उपटायला लावणं बंद. त्यांना रोप ओळखायला शिकवा, कुठे उगवलंय त्याचा नकाशा करायला सांगा. शिकणं तेवढंच होईल आणि हातही वाचतील.

५. मोकळ्या प्लॉटच्या मालकांना जूनमध्ये नोटीस. नाही काढलं तर पालिकेने काढून खर्च घरपट्टीच्या बिलात लावावा.

६. साफ केलेल्या जागी टाकळ्याचं बी टाका. टाकळा दाट वाढून गाजरगवताला जागा देत नाही आणि कोवळा असताना त्याची भाजी होते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जमीन उघडी ठेवली की पहिलं गाजरगवतच येणार.

७. ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात चेहऱ्या-मानेच्या पुरळाचा रुग्ण आला की दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: ‘दर पावसाळ्यात होतं का?’ आणि ‘गाजरगवताशी संबंध येतो का?’ संशय असेल तर पॅच टेस्टसाठी पुढे पाठवा. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. त्यासाठी मजुराला दोन-तीन फेऱ्या आणि तेवढे खाडे पडतात. म्हणून महिन्यातून ठरावीक दिवशी ही सोय तालुक्यात मिळावी, अशी मागणी आपण लावून धरायला हवी.

ज्यांना त्रास आहे त्यांच्यासाठी थोडंसं. शेतातून आल्यावर लगेच साबणाने हात-तोंड-मान धुवा, ते कपडे घरात झटकू नका, वेगळे धुवा. गाजरगवत सूर्यफुलाच्या कुळातलं आहे, त्यामुळे काहींना शेवंती किंवा सूर्यफुलाच्या स्पर्शानेही त्रास होतो. गौरी-गणपतीत हार करताना पुरळ उठलं तर हेही डोक्यात ठेवा. आणि मलम मेडिकलवाल्याला विचारून नाही, डॉक्टरांना विचारून. डॉक्टरांकडे जाताना आदल्या दिवसाचं जेवण आठवू नका, आदल्या तीन दिवसांचं काम आठवा.

प्रतिकारशक्ती वाढवा हा सल्ला सगळ्यांना सोयीचा आहे. विकणाऱ्याला बाटली विकता येते. पालिकेला काही करावं लागत नाही. दोष आजारी माणसाच्या अंगावर जातो: तूच कमजोर, तूच नीट खात नाहीस. पण तिची यंत्रणा कमजोर नाही. पहिला पाऊस पडला की आपल्या वॉर्डात, आपल्या गल्लीत गाजरगवत कुठे कुठे उगवलंय त्याचे फोटो जागेच्या नावासह वॉर्डाच्या ग्रुपवर टाका आणि नगरसेवकाला, मुख्याधिकाऱ्यांना पाठवा. ते फुलायच्या आधी आपल्या हातात जेमतेम चार आठवडे असतात.